14 मिलिमीटरची भिंत: जनुकीय रिपोर्ट वाचायला शिकताना घडलेलं एक प्रकरण

आमच्या विभागात जनुकीय वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला हे प्रकरण पहिल्याच महिन्यात शिकवलं जातं. रुग्ण, त्यांच्या घरचे आणि विद्यार्थिनी यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यात एका विद्यार्थिनीची चूक आहे आणि तिच्या टिपणाखाली सही करणाऱ्या मार्गदर्शकाची, म्हणजे माझी, त्याहून मोठी चूक आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण 46 वर्षांचे, एसटीत चालक. जिना चढताना दम लागतो म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी इको करायला पाठवलं. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत 14 मिलिमीटर निघाली. रक्तदाब आठ वर्षांपासून. गोळी लघवी वाढवणारी होती, त्यामुळे लांबच्या फेरीला निघताना ते ती घेतच नसत. गाडी कुठे थांबवणार? म्हणजे महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस गोळी नाही. ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

थोरले भाऊ 41व्या वर्षी अचानक गेले होते. तपासणी मागवायच्या फॉर्मवर 'कुटुंबात आकस्मिक मृत्यू' या रकान्यात 'हो, भाऊ, 41' एवढंच लिहिलेलं होतं. भिंत जाड आणि भाऊ अचानक गेलेला, म्हणून हृदयरोग विभागाने हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा, म्हणजे हृदयाचा स्नायू आपोआप जाड होत जाणाऱ्या आजाराचा, संशय घेतला आणि एका खासगी लॅबला एक्झोम तपासणीसाठी, म्हणजे जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग वाचण्यासाठी, रक्त पाठवलं.

डॉ. म. तेव्हा आमच्याकडे येऊन सहा महिने झाले होते. एमडी मेडिसिन झालेली, वाचन दांडगं, हात जलद. रिपोर्ट तिच्याकडे आला.

रिपोर्टात काय होतं

एमवायबीपीसी3 या जनुकाच्या 32व्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनवताना कापून टाकल्या जाणाऱ्या मधल्या भागात, 25 बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, गळालेले, दोन प्रतींपैकी एकीत. लॅबचा निष्कर्ष 'लाइकली पॅथोजेनिक', म्हणजे बहुधा रोगकारक.

भारतीय डॉक्टरांना ही गळती माहीत असायलाच हवी. 2009 साली 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात, ज्यात हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही होते, ती दक्षिण आशियातल्या सुमारे 4 टक्के लोकांत असल्याचं दाखवलं होतं. कार्डिओमायोपॅथीच्या रुग्णांमध्ये तिचं ऑड्स रेशो, म्हणजे निरोगी लोकांच्या मानाने रुग्णांत ती आढळण्याचं तुलनात्मक प्रमाण, जवळपास 7 निघालं होतं. युरोपीय वंशाच्या लोकांत ती जवळजवळ आढळतच नाही. आपल्याकडे मात्र भरलेल्या एसटीत सरासरी दोघंतरी ती घेऊन बसलेले असतात.

डॉ. म.ने नियमाप्रमाणे स्वतःचा तक्ता भरला. जनुकातला बदल रोगकारक की निरुपद्रवी हे ठरवण्याच्या 2015च्या एसीएमजी-एएमपी या अमेरिकी संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 28 निकष आहेत आणि त्यांच्या बेरजेतून पाच वर्गांपैकी एक वर्ग ठरतो. तिने तीन निकषांवर खुणा केल्या. पीएस4: रुग्णांमध्ये हा बदल निरोगी लोकांपेक्षा बराच जास्त दिसतो, आधार 2009चा अभ्यास. पीपी1: बदल कुटुंबातल्या आजाराबरोबर चालतो, आधार भावाचा मृत्यू. पीपी4: रुग्णाची लक्षणं या एकाच आजाराशी जुळतात, आधार 14 मिलिमीटर. एक भक्कम पुरावा आणि दोन आधारभूत. नियमानुसार बेरीज 'लाइकली पॅथोजेनिक'. लॅबशी तंतोतंत जुळलं. तिला हायसं वाटलं आणि मलाही. मी सही केली.

त्याच संध्याकाळी तिने रुग्णाच्या घरी फोन केला. मुलगा वीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. रोज पहाटे अकॅडमीच्या मैदानावर 1600 मीटर धावायचा. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत जोराच्या व्यायामात अचानक मृत्यूचा धोका असतो, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने काळजीपोटी सांगितलं, "तपासणी होईपर्यंत धावू नकोस."

अडचण

पुढच्या शुक्रवारच्या बैठकीत हे प्रकरण मांडलं गेलं. मांडणी स्वच्छ होती. शेवटी आमच्या जनुकीय समुपदेशक मॅडमनी विचारलं, "थोरल्या भावाची गळती कुणी तपासली?"

कुणीच नाही. ते गेले तेव्हा रक्त ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मग बदल आजाराबरोबर चालतो हे कशावरून म्हणायचं? पीपी1ची खूण खोडली.

दुसरा प्रश्न 14 मिलिमीटरवरून निघाला. प्रौढ माणसात दुसरं कारण नसताना भिंत 15 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचं निदान करतात. 13-14 मिलिमीटर असेल तर कुटुंबात हा आजार असावा लागतो किंवा जनुकीय तपासणी पॉझिटिव्ह असावी लागते. आता आमच्या कागदांवरचा क्रम बघा. हृदयरोग विभागाने इकोच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'जनुकीय तपासणी पॉझिटिव्ह, त्यामुळे निदान निश्चित'. आणि आम्ही तक्त्यात लिहिलं होतं, 'निदान निश्चित, त्यामुळे पीपी4 लागू'. त्यांनी आमच्या भरवशावर आजार ठरवला आणि आम्ही त्यांच्या भरवशावर जनुक दोषी ठरवलं. दोन विभागांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि पाय कुणाचेच जमिनीवर नव्हते. आठ वर्षांच्या अर्धवट औषधपाण्याच्या रक्तदाबाने भिंत 14 मिलिमीटर सहज होऊ शकते. पीपी4ही गेला.

मग मी ओपीडीच्या कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडला. तोच हिशेब आता मी दरवर्षी फळ्यावर मांडते. एक लाख वस्तीचं शहर घ्या. 4 टक्क्यांनी 4,000 लोकांत ही गळती. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी साधारण 500 जणांत एकाला, म्हणजे 200 रुग्ण. क्षणभर धरून चालू की या 200 पैकी झाडून सगळ्यांचा आजार या एकाच गळतीमुळे आहे. तसं मुळीच नाही, पण धरू. तरीही 4,000 पैकी 3,800 जणांना आजार नाहीच. शंभरातल्या पंचाण्णव जणांना ज्याने काही होत नाही, तो बदल एकटा सापडला म्हणून वीस वर्षांच्या मुलाचं धावणं थांबवायचं का?

डॉ. म.ने लगेच विचारलं, "मॅडम, मग इतका सर्रास आढळणारा बदल नियमांच्या चाळणीतून सुटला कसा?" प्रश्न फार चांगला होता. बीए1 हा निकष 5 टक्क्यांच्या वरच्या वारंवारतेला आपोआप निरुपद्रवी ठरवतो. पण तो मोजतो प्रती, माणसं नव्हे. 4 टक्के लोकांत दोनपैकी एकेक प्रत असेल तर प्रतींची वारंवारता 2 टक्क्यांच्या आसपास येते, म्हणून आपोआप अडत नाही. बीएस1, म्हणजे 'या आजाराच्या मानाने वारंवारता फार जास्त', हा निकष लावायला हवा होता. तो हाताने, विचार करून लावावा लागतो. तिच्या तक्त्यात रोगाच्या बाजूचे सगळे रकाने काळजीने तपासलेले होते आणि निरुपद्रवी बाजूचे रिकामे. ही सवय तिच्या एकटीची नाही. रुग्ण समोर असला की डोळे रोगाचा पुरावा शोधतात.

उरला पीएस4, म्हणजे 2009चा आकडा. तो खोटा नव्हता, पण त्यानंतर बरंच काही घडलं होतं. 2020 साली या गळतीचं फेरमूल्यांकन प्रसिद्ध झालं. गळती असलेल्या काही लोकांत त्याच जनुकात, त्याच गुणसूत्रावर, आणखी एक बदल असतो. 13व्या इंट्रॉनच्या आत, 14वा एक्झॉन, म्हणजे प्रथिनात उतरणारा पुढचा भाग, सुरू होण्याच्या 52 बेस आधी, 'जी' या अक्षराच्या जागी 'ए'. त्यामुळे इंट्रॉन कापून एक्झॉन जोडण्याच्या आरएनएच्या जोडकामात चुकीची जागा तयार होते. धोका प्रामुख्याने या दुसऱ्या बदलाचा. 25 बेसची गळती बहुतेकांत नुसती त्याच्या शेजारी राहणारी, आणि जुन्या अभ्यासांत शेजाऱ्याचं पाप तिच्या नावावर जमा झालेलं. लॅबच्या रिपोर्टात या दुसऱ्या बदलाचा उल्लेखच नव्हता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, रिपोर्ट मान्य करून कुटुंबातल्या सगळ्यांची गळतीसाठी तपासणी करायची. सुरक्षित वाटतो. पण चालकाच्या नोकरीवर, मुलाच्या भरतीवर आणि विम्यावर त्याचे परिणाम होतात. फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेलं जनुकीय आजारांच्या विमा-वगळणीचं प्रकरण नेमकं याच आजाराच्या रुग्णाचं होतं. न्यायालयाने सरसकट वगळणी भेदभावाची ठरवली. तरी अर्ज भरताना लोकांच्या पोटात गोळा येतो तो येतोच.

दुसरा पर्याय, '4 टक्के लोकांत आहे, सोडून द्या' असं म्हणून फाइल बंद करायची. चर्चेनंतर दोन-तीन जण तिकडे झुकले होते. मला तो पहिल्याइतकाच धोक्याचा वाटला. 52 बेस आधीचा बदल या रुग्णात असेल तर? आम्ही पाहिलंच नव्हतं.

तिसरा, 'अर्थ अनिश्चित' असा शेरा मारून वाट पाहायची. नियमांच्या अक्षराला धरून तो चुकीचाही नव्हता, कारण एकटा बीएस1 निरुपद्रवी वर्गात जायला पुरत नाही. पण अनिश्चित म्हटल्यावर मुलाने उद्या पहाटे धावायचं की नाही, याचं उत्तर मिळत नाही.

चौथा, जे शोधता येण्यासारखं आहे ते आधी शोधायचं आणि जनुकाचा कागद बाजूला ठेवून रुग्णाचं निदान नव्याने करायचं. आम्ही हा घेतला. त्याला वेळ लागला आणि त्या वेळेची किंमत मुलाने मोजली.

काय केलं

लॅबकडे कच्चा डेटा मागितला. 52 बेस आधीच्या जागेवर मोजके रीड, म्हणजे यंत्राने केलेली वाचनं, होते, खात्रीने काही म्हणता येईना. एक्झोम तपासणीत एक्झॉनच्या कडेचा थोडाच भाग नीट वाचला जातो आणि त्यापलीकडचं बहुतेक लॅबच्या चाळणीत गळतं. 25 बेसची गळतीही एक्झॉनच्या कडेपासून थोडी दूरच आहे, पण ती प्रसिद्ध असल्यामुळे मुद्दाम शोधून कळवली गेली होती. म्हणजे लॅबने प्रसिद्ध शेजारी दाखवला आणि खरा संशयित वाचलाच नाही. आम्ही त्या एका जागेची सँगर तपासणी, म्हणजे डीएनएचा ठरावीक छोटा तुकडा नेमका वाचणारी तपासणी, मागवली.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी बदलून दुसऱ्या गटातली दिली. हृदयाचा एमआरआय केला. स्नायूत व्रण नव्हता, जाडी सगळीकडे सारखी होती.

आणि डॉ. म.ने थोरल्या वहिनींना फोन लावला. हा फोन मी शेजारी बसून ऐकला.

"सकाळपासनं छातीत दुखत होतं हो त्यांच्या," वहिनी सांगत होत्या. "घाम सुटलेला. गोठ्यातच बसले होते. पुतण्यानं मोटरसायकलवर मधी बसवून आरोग्य केंद्रात नेलं. तिथं पट्टी काढली. जिल्ह्याला न्या म्हणाले, आन वाटेतच..."

डॉ. म.ने विचारलं, "ताई, ती पट्टी आहे का?"

पट्टी होती. आठवड्याने चालककाका ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आले. ईसीजीचा तो कागद उष्णतेने उमटणारा असतो. इतक्या वर्षांत तो पार पांढरा पडला होता, कडेला तारखेचे दोन आकडे तेवढे दिसत होते. डॉ. म.चा चेहरा उतरला. मग काकांनी पिशवीतून विम्याच्या दाव्याची फाइल काढली. सातबारा, मृत्यूचा दाखला, आधारच्या प्रती आणि त्यांच्यामध्ये त्याच पट्टीची झेरॉक्स. दाव्यासोबत जोडायची म्हणून कुणीतरी वेळेत काढून ठेवलेली. व्ही1 ते व्ही4 या आलेखांत एसटी सेगमेंट नावाचा रेषेचा भाग ठळक वर उचललेला. हृदयाच्या पुढच्या भागाचा झटका. काकांना विचारलं तेव्हा कळलं, भाऊ दिवसाला दोन बंडल बिड्या ओढायचे.

भावाला कार्डिओमायोपॅथी नव्हतीच, हे त्या झेरॉक्सने सिद्ध होत नाही. पण त्यांच्या मृत्यूचं पुरेसं कारण तिथे होतं, आणि 'कुटुंबात हा आजार' म्हणून तो मृत्यू आता मोजता येत नव्हता.

निष्पत्ती

तीन आठवड्यांनी सँगरचा निकाल आला. 52 बेस आधीचा बदल नव्हता.

मुलाचा ईसीजी आणि इको दोन्ही व्यवस्थित, भिंत 9 मिलिमीटर. त्याने स्वतःच विचारलं, "मॅडम, माझी पण ती गळती तपासून टाका ना, म्हणजे डोक्यातनं जाईल." तपासायची की नाही, यावर आमच्यात वाद झाला. शेवटी डॉ. म.ने त्याला समोर बसवून सांगितलं की सापडण्याची शक्यता निम्मी आहे, सापडली तरी आम्ही तुला आज सांगतोय तेच सांगू, आणि तो कागद मात्र कायम तुझ्या फायलीत राहील. तो दोन दिवसांनी कळवतो म्हणाला आणि नको म्हणून कळवलं.

काकांचं निदान आम्ही 'रक्तदाबामुळे जाड झालेलं हृदय' असं बदललं. नऊ महिने गोळी नियमित घेतल्यावर भिंत 12 मिलिमीटर भरली. इकोच्या मोजणीत एक-दोन मिलिमीटरचा फरक हातागणिक पडतो, म्हणून या आकड्यावर मी फार भार टाकत नाही, पण दम लागणं थांबलं होतं. डेपोत दाखवायला आम्ही पत्र दिलं. त्यात रक्तदाबाचं निदान लिहिलं, जनुकाबद्दल एक शब्द नाही.

मुलाची मैदानी चाचणी मात्र या सगळ्यात निघून गेली. धावू नकोस म्हटल्यापासून धाव म्हणेपर्यंत सहा आठवडे गेले आणि चाचणीचा दिवस चौथ्या आठवड्यात होता. त्याचे वडील मला एवढंच म्हणाले, "मॅडम, पोराचं एक वरीस गेलं." मी त्यांची माफी मागितली. डॉ. म.ने वेगळी, मुलाला भेटून मागितली.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाला धावणं थांबवायला सांगणं चुकीचं होतं का, यावर विद्यार्थी दरवर्षी भांडतात. माझं मत असं की एक-दोन दिवसांसाठी ते योग्य ठरलं असतं, जर त्याच दोन दिवसांत त्याचा ईसीजी आणि इको झाला असता. इको आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होतो. आम्ही वडिलांच्या जनुकाचा निकाल लागेपर्यंत मुलाचं हृदय तपासलं नाही. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

रक्त पाठवण्याआधी वंशावळ काढायला हवी होती, 'हो, भाऊ, 41' या तीन शब्दांवर भागवायला नको होतं. माणूस कसा गेला, दुखत होतं का, किती वेळ, कुणी पाहिलं, कागद आहे का, हे विचारायला वहिनींना केलेला तो वीस मिनिटांचा फोन पुरला. तो पहिल्या दिवशी व्हायला हवा होता. गोळी घेता का, एवढंच विचारून भागत नाही. ड्यूटी असते त्या दिवशी घेता का, हे विचारावं लागतं.

प्रशिक्षणाच्या बाजूने पाहिलं तर डॉ. म.ला निकष तोंडपाठ होते आणि साधनं सफाईने वापरता येत होती. तिला आम्ही क्रम शिकवला नव्हता. लॅबचा निष्कर्ष वाचून मग तक्ता भरला, की तक्ता त्या निष्कर्षाकडेच चालत जातो. आता विद्यार्थ्यांनी रिपोर्ट उघडण्याआधी रुग्णाबद्दलचं मत आणि आजाराची शक्यता लिहून, तारीख टाकून ठेवायची असते. तक्त्याच्या प्रत्येक खुणेसमोर 'हा पुरावा कुठून आला आणि दुसऱ्या कुठल्या पुराव्यावर टेकलेला आहे का' असा रकाना वाढवला आहे. निरुपद्रवी बाजूचे निकष आधी भरायचे, रोगाच्या बाजूचे नंतर.

वारंवारता कुणाची, हाही धडा आम्ही स्वतंत्र घेतो. नोमॅड या लोकांमधल्या जनुकीय बदलांच्या आंतरराष्ट्रीय साठ्याच्या जुन्या आवृत्तीत 1,41,456 लोकांपैकी दक्षिण आशियाई 15,308 होते. 2023च्या चौथ्या आवृत्तीत ते वाढले, तरी एकूण 8 लाखांच्या मानाने वाटा लहानच. आपल्याकडे इंडिजेन या प्रकल्पाचे हजारभर जीनोम आहेत, जीनोम इंडिया या दुसऱ्या प्रकल्पाने 10 हजारांच्या आसपास जीनोमचा डेटा जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुला केला. जगातल्या सरासरीत दुर्मीळ दिसणारा बदल आपल्या गावात दारोदार असू शकतो. 2016 साली अमेरिकेत याच आजारात कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत हेच उघड झालं होतं. त्यांच्यात सर्रास आढळणारे निरुपद्रवी बदल वर्षानुवर्षं रोगकारक म्हणून कळवले गेले होते, कारण तुलनेला घेतलेल्या निरोगी लोकांत कृष्णवर्णीय लोक पुरेसे नव्हते.

लॅबला आम्ही सविस्तर पत्र लिहिलं. या रुग्णाचा रिपोर्ट सुधारून मिळाला. 25 बेसच्या गळतीचे असेच रिपोर्ट आणखी किती जणांना दिले गेले, हा प्रश्नही पत्रात होता. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान डॉ. म.ने आमच्या स्वतःच्या जुन्या फायली काढल्या. गळती 'लाइकली पॅथोजेनिक' म्हणून सांगितलेले सहा रुग्ण सापडले. चौघांना बोलावून घेतलं, त्यांची 52 बेस आधीची जागा तपासायला पाठवली. एकाच्या दोन मुलींनी शाळेतले खेळ सोडले होते. उरलेल्या दोघांचे फोन लागत नाहीत. एकाच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं आहे, दुसऱ्याच्या गावच्या आशाताईंकडे निरोप ठेवला आहे.